आयपी पत्त्यांचं 'वाटप': अर्ज अडकवणाऱ्या या चुका टाळा

आयपी पत्त्यांसाठीचा अर्ज शंका काढून परत आला की बहुतेक जण नेटवर्कच्या आराखड्यात खोट शोधत बसतात. आधी अर्जातले शब्द तपासा. एपनिक, राइप एनसीसी, आरिन, लॅकनिक आणि आफ्रिनिक या पाचही प्रादेशिक रजिस्ट्रींच्या, म्हणजे जगाच्या आपापल्या भागात आयपी पत्ते देणाऱ्या संस्थांच्या धोरणांत साध्या दिसणाऱ्या शब्दांना ठरावीक अर्थ असतो.

सर्वांत मोठा घोळ ॲलोकेशन आणि असाइनमेंटचा. मराठीत दोन्हींना 'वाटप' म्हणून आपण मोकळे होतो आणि तिथेच फसतो. ॲलोकेशन म्हणजे पुढे वाटण्यासाठी दिलेला साठा. तो बहुधा इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीकडे जातो. असाइनमेंटचे पत्ते मात्र ज्याला मिळाले त्यानेच आपल्या नेटवर्कमध्ये वापरायचे, पुढे तिसऱ्याला द्यायचे नाहीत. विद्यापीठाने आपल्याच प्रयोगशाळा नि वसतिगृहांसाठी पत्ते मागताना ॲलोकेशन लिहिलं, तर 'तुमचे ग्राहक कोण?' असा प्रश्न येणारच. आरिनकडे हाच फरक एक पायरी खाली 'रीॲलोकेशन' आणि 'रीअसाइनमेंट' या नावांनी भेटतो. त्यातला 'री' पाहून 'पुन्हा दिले' असं समजू नका; वरच्याने आपल्या साठ्यातून खालच्याला दिले, एवढाच त्याचा अर्थ.

हूइज, म्हणजे कोणते पत्ते कोणाकडे आहेत हे दाखवणाऱ्या सार्वजनिक नोंदीतलं स्टेटस न वाचणं ही दुसरी चूक, आणि ती महागात पडते. एपनिकच्या नोंदीत 'असाइन्ड नॉन-पोर्टेबल' असेल, तर पत्ते सेवा कंपनीच्या साठ्यातले आहेत. कंपनी बदलली की ते परत करून सगळ्या नेटवर्कला नवे पत्ते द्यावे लागतात. राइपच्या नोंदीत हेच 'असाइन्ड पीए' म्हणून दिसतं. आणि पोर्टेबल, म्हणजे कंपनी बदलली तरी आपल्याकडेच राहणारे पत्ते जगभर हमखास रूट होतील, म्हणजे सगळीकडून त्यांच्यापर्यंत वाट मिळेल, असंही नाही. ती हमी रजिस्ट्री देत नाही.

पत्त्यांच्या ब्लॉकचा आकार सांगणारा स्लॅशपुढचा आकडा उलटा चालतो: जुन्या आयपीव्ही४मध्ये /२४ म्हणजे २५६ पत्ते, /२३ म्हणजे ५१२. 'किमान /२४' की 'कमाल /२४' यात गोंधळ होत असेल, तर शेजारी पत्त्यांची संख्या लिहून टाका.

नव्या पिढीच्या आयपीव्ही६ पत्त्यांचा आणखी साठा मागताना दाखवायचा 'वापर' म्हणजे किती यंत्रं जोडली, हे नव्हे. जुन्या सवयीने यंत्रं मोजणारे इथे हमखास चुकतात. ग्राहकांच्या ठिकाणांना किती ब्लॉक दिले, हे मोजलं जातं. एपनिकच्या धोरणात त्याचं एकक /५६ आहे आणि एचडी-रेशोची, म्हणजे साठा किती वापरला हे मोजणाऱ्या गुणोत्तराची मर्यादा ०.९४. ऐकायला हे ९४ टक्के वाटतं, पण हा लॉगरिदमचा हिशेब आहे: /३२ च्या साठ्यात सुमारे ३७ टक्के /५६ दिले गेले की पुढची मागणी करता येते. टक्केवारी समजून थांबलेला माणूस उगाच अडीचपट वाट पाहतो.

राहिला नोंदीतला देशाचा कोड. त्यावरून यंत्र कुठे आहे हे ठरवू नका.