संग्रहालयाचं दुकान पर्यावरणपूरक करताना या चुका टाळा

पिशवी बदलली की दुकान पर्यावरणपूरक झालं, या समजुतीतून बाकीच्या बऱ्याच चुका निघतात. आधी मागच्या खोलीतले खोके उघडून बघा. न खपलेले मग, रंग उडालेल्या की-चेन, जुनं साल छापलेली कॅलेंडरं. यांच्यासाठी कच्चा माल, वीज, वाहतूक सगळं खर्च झालं आणि वस्तू कुणाच्याही कामी आली नाही.

हे होतं ते हजार नग घेतले की दर उतरतो म्हणून. त्यापेक्षा तशाच वस्तूची गेल्या तीन महिन्यांची विक्री काढा आणि तेवढाच माल मागवा. वस्तू नवी असेल तर 50 नग पुरेत. नाशिककरांनी तर आत्ताच सावध व्हावं. ‘सिंहस्थ 2027’ मगवरच छापलं, तर मेळा संपल्यावर तो मग कोण घेणार? साल सुतळीने बांधलेल्या कागदी चिठ्ठीवर घाला. चिठ्ठी काढली की उरलेला माल पुढेही विकता येतो.

आता पिशवी. ‘कापडी’ म्हणून येणारी नॉन-वोव्हन पिशवी पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. शंका असेल तर एक तुकडा चिमट्यात धरून उघड्यावर पेटवा. सुती कापडाची भुरभुरीत राख होते, प्लास्टिक वितळून कडक गोळी बनते. मांजरपाटाची पिशवी घ्या, पण छपाई ‘प्लास्टिसोल’ शाईची नको, कारण तिच्या जाड थरात बहुधा पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच असतं. पाण्यावर आधारित शाई मागा. आणि पिशवी फुकट देऊ नका. फुकटची पिशवी घरी गठ्ठ्यात जाते.

‘कंपोस्टेबल’, म्हणजे कुजून खत होणाऱ्या पिशवीवर आयएस 17088 हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे का, ते पाहा. तो असला तरी ती साधारण 58 अंशांच्या औद्योगिक कंपोस्टात कुजते. घरच्या कुंडीत किंवा घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात ती टाकून उपयोग नाही.

बिलाच्या कागदावर नख ओढा. काळी रेघ उठली तर तो थर्मल कागद आहे. त्यावरच्या लेपात बहुधा बिस्फेनॉलसारखी रसायनं असतात, म्हणून तो रद्दीत मिसळू नका. बिल फोनवर पाठवा, मागितलं तरच छापा.

सगळ्यात दुर्लक्षित चूक बांबूची. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडची बांबूची वस्तू जवळची, स्थानिक, म्हणून निर्धोक वाटते. पण पावसाळ्यात तिच्याखाली पिवळसर भुकटी दिसली तर भुंगा लागला समजा. ओल्या, साखर-पिष्ट भरलेल्या बांबूत तो वाढतो. संग्रहालयात हा धोका दुकानापुरता राहत नाही, तो दालनातल्या लाकडी वस्तूंपर्यंत पोहोचतो. म्हणून कारागिराला बांबू कोणत्या महिन्यात तोडला ते विचारा. पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात तोडलेला चांगला. खाण्यापिण्याशी संबंध नसलेल्या वस्तूंना बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया झालेली असावी. नवा माल दोन आठवडे वेगळा ठेवा. भुंगा सापडलाच, तर वस्तू हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, म्हणजे पाणी पिशवीवर साचतं, बांबूवर नाही. औषध फवारण्यापेक्षा हे बरं.

तांब्याची भांडी प्लास्टिकऐवजी वर्तमानपत्रात गुंडाळणं चांगलं वाटतं, पण दमट हवेत कागद ओल धरतो आणि भांड्यावर काळे डाग पडतात. भांडं कोरडं पुसून खळ नसलेल्या सुती फडक्यात गुंडाळा. डाग पडले तर चिंचेच्या कोळाने घासून, धुऊन लगेच पुसा. लॅकर, म्हणजे चकाकी टिकवणारा पारदर्शक लेप दिलेलं भांडं मात्र घासू नका.

स्कोलेसाइट, स्टिल्बाइट अशी इकडच्या बेसॉल्टमध्ये मिळणारी खनिजं विकत असाल, तर थर्मोकोल बंद करून कागदाचे बोळे कोंबणं ही नवी चूक ठरते. स्कोलेसाइटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांना काही टेकलं तरी ते मोडू शकतात. पुठ्ठ्याला खाच पाडून दगडाचा फक्त तळ त्यात घट्ट बसवा आणि वरची बाजू मोकळी सोडा. मग तो खोका दुसऱ्या खोक्यात ठेवून चारही बाजूंना, वर आणि खाली 5 सेंटिमीटर कागदी भर द्या. बंद खोका हलवून पाहा. आत खडखड ऐकू आली तर खाच सैल आहे, पुठ्ठ्याची आणखी एक पट्टी घाला.