लंडनच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेसाठी प्रवेशिका कशी तयार करावी

लंडनचे नॅचरल हिस्टरी म्युझियम दरवर्षी ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही स्पर्धा भरवते. १९६५ साली सुरू झालेल्या या स्पर्धेसाठी २०२४ मध्ये ११७ देशांतून ५९,२२८ छायाचित्रे आली. प्रदर्शनात मात्र जेमतेम शंभरांना जागा मिळते. प्रवेशिका बहुधा ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत स्वीकारल्या जातात. प्रौढांना पंचवीस, तर सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा छायाचित्रे पाठवता येतात, पण पाठवता येतात म्हणून तेवढी पाठवावीत असे नाही.

निवड करताना केवळ देखणेपणा पाहू नये. झाडावर निवांत बसलेल्या बिबट्याची सुबक छायाचित्रे परीक्षकांनी पुष्कळ पाहिलेली असतात. प्राण्याचे वर्तन, त्याचा अधिवास किंवा माणसाशी असलेले त्याचे नाते ज्यात दिसते, ते छायाचित्र पुढे जाण्याची शक्यता अधिक. नयन खानोलकर यांच्या ज्या छायाचित्राला २०१६ साली नागरी विभागाचा पुरस्कार मिळाला, त्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या वारली पाड्यातील अरुंद गल्लीतून रात्री बिबट्या चालत येताना दिसतो. कृत्रिम दिवे त्यांनी अशा बेताने लावले होते की गल्लीतला नेहमीचा उजेडच भासावा, आणि त्यामुळेच प्राण्याइतकीच वस्तीही चित्राचा विषय होते. असे काम करायचे असल्यास रहिवाशांना आधी विश्वासात घ्यावे. संरक्षित वनक्षेत्रात कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर येताच आपोआप छायाचित्र टिपणारा कॅमेरा, लावण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावीच लागते.

मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली प्रक्रिया न केलेली फाइल, कधीही पुसू नये, कारण अंतिम फेरीत ती तपासणीसाठी मागवली जाते. उजेड व रंगछटा यांत माफक फेरफार, क्रॉप करणे (कडा कापणे), सेन्सरवरील धुळीचे ठिपके काढणे एवढे चालते. चित्रात वस्तू घालणे किंवा काढणे चालत नाही. समजा, खंड्याच्या चोचीसमोर एक वाळकी काडी आडवी आली आहे. ती संगणकावर पुसल्यास प्रवेशिका बाद ठरते, त्यामुळे क्रॉप करूनही ती टळत नसेल तर दुसरे छायाचित्र निवडावे. जिवंत प्राण्याचे आमिष दाखवून टिपलेले छायाचित्रही निषिद्ध आहे.

हे नियम केवळ कागदोपत्री नाहीत. २००९ च्या सर्वोच्च पुरस्काराच्या छायाचित्रातील लांडगा माणसाळवलेला असावा, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला व पुरस्कार रद्द झाला. पुढे ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानातील उजळलेल्या वारुळाजवळच्या मुंगीखाऊच्या, २०१७ च्या विजेत्या छायाचित्राची तशीच चौकशी झाली. तो प्राणी आणि त्याच उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळ ठेवलेला पेंढा भरलेला नमुना यांच्या अंगावरील खुणा, केसांचे झुपके व पवित्रा जुळत असल्याचे तज्ज्ञांना आढळले. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले, तरी अपात्रता कायम राहिली. म्हणून ज्या छायाचित्रामागची हकिगत पुराव्यानिशी सांगता येईल, तेच पाठवणे शहाणपणाचे.

छायाचित्राची माहिती लिहिण्यासाठी जागेवरच नोंद करण्याची सवय लावावी. ठिकाण, वेळ, हवामान, अंतर आणि प्राणी नेमके काय करत होता, हे त्याच संध्याकाळी वहीत उतरवले तर वर्षभरानंतर आठवणीवर विसंबावे लागत नाही. ‘जंगलाचा राजा’ यांसारखी विशेषणे माहितीत घालू नयेत; परीक्षणाच्या वेळी छायाचित्रकाराचे नाव झाकलेले असते, तेव्हा चित्राने आणि वस्तुस्थितीनेच बोलायचे असते. छायाचित्रावर सही, वॉटरमार्क किंवा चौकट ठेवू नये.

प्रवेशिका भरण्यापूर्वी छायाचित्र पूर्ण आकारात मोठे करून कोपऱ्यांपासून तपासावे. प्रदर्शनात ते मागून प्रकाश दिलेल्या फलकावर झळकते, आणि मोबाइलच्या पडद्यावर न जाणवणारा डोळ्यांवरचा अस्पष्टपणा तिथे लपत नाही.