जुनी फियाट घरी पुन्हा चालती करायची? रंग सगळ्यात शेवटी

घरच्या घरी जुनी मोटार पुन्हा चालती करायला निघालेली माणसं बहुधा एकाच ठिकाणी अडकतात. उत्साहाच्या भरात पहिल्या काही रविवारी दारं, सीटा, बंपर, डॅशबोर्ड सगळं खोलून मोकळे होतात. मग पावसाळा लागतो, मुलीची दहावी येते, आणि गाडी खोक्यांमध्ये विखुरलेली राहते. शेवटी ती 'खोललेली' म्हणून मातीमोल भावात जाते. म्हणून एक शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा. एका वेळी एकच विभाग खोलायचा आणि तो जोडून झाल्याशिवाय दुसऱ्याला पाना लावायचा नाही. क्रमही ठरलेला ठेवा: आधी गाडी थांबली पाहिजे (म्हणजे ब्रेक), मग चालली पाहिजे (म्हणजे इंजिन), मग पत्रा, आणि रंग अगदी शेवटी.

उदाहरणाला आपण प्रीमियर पद्मिनी घेऊ. १९६४ च्या फियाट ११०० डिलाइटचीच ही पुढची पिढी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती २००० सालाच्या आसपासपर्यंत तयार होत होती, आणि कागदावर पद्मिनी असली तरी पुण्यात तिला सगळे फियाटच म्हणतात. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कार्ब्युरेटर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, संगणक कुठेच नाही. पाने हातात धरता येणाऱ्या माणसाला ही गाडी पूर्ण समजू शकते. अॅम्बॅसॅडर असेल तरी क्रम हाच.

आधी कागद

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी आरसी बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा. मधल्या काळात बऱ्याच पद्मिनींमध्ये डिझेल इंजिनं बसवली गेली. ती नोंद आरसीवर नसेल तर पुढे संगम पुलाजवळच्या आरटीओत फेऱ्या ठरलेल्या. रंग बदलला असेल तर त्याचीही नोंद लागते. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण आणि सोबत पर्यावरण कर. वयावरून सरसकट बंदी आपल्याकडे नाही, गाडी तपासणीत पास व्हावी लागते एवढंच. उच्च सुरक्षा नंबरप्लेट मात्र १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना सक्तीची आहे.

पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. ऐकायला छान वाटतं, पण अशी गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन मिसळ खायला जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी.

पत्रा तपासणे

या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही; बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे गंज हा इथे दिसण्याचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. खिशात एक लहान लोहचुंबक आणि बोथट स्क्रू ड्रायव्हर ठेवा. चुंबक रुमालात गुंडाळून दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि दाराखालच्या पट्ट्यांवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. मग पायाखालची मॅटं उचला, बॅटरीचा ट्रे, स्टेपनीची जागा आणि जॅक लावायच्या जागा स्क्रू ड्रायव्हरने दाबून पाहा. तो आत गेला तर तिथे नवा पत्रा लागणार.

इंजिन बंद आहे म्हणून घाबरू नका. इंजिन बांधता येतं, आणि त्याचे भाव आधी विचारता येतात. कुजलेल्या सांगाड्याचा खर्च मात्र कुणीच आधी सांगू शकत नाही. बंद इंजिन पण कोरडा पत्रा आणि चालू इंजिन पण कुजलेला पत्रा अशा दोन गाड्या समोर असतील तर डोळे मिटून पहिली घ्या.

जागा आणि हत्यारं

सोसायटीच्या पार्किंगमध्ये यातलं बरंचसं काम होतं. सेक्रेटरींशी आधी बोलून घ्या आणि खाली जाड पुठ्ठा किंवा पत्रा अंथरा. रिंग पाने, सॉकेट संच, मल्टीमीटर, कॉम्प्रेशन गेज, ग्रीस गन, टॉर्क पाना एवढं पुरतं, आणि हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं. दोन गोष्टींत काटकसर नको: जॅक स्टँडची जोडी आणि अग्निशामक. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. विटा तर मुळीच लावू नका, त्या न सांगता फुटतात. जुनं ऑइल गटारात न ओतता कॅनमध्ये साठवून गॅरेजला द्या. गटारातलं शेवटी मुळा-मुठेतच जातं.

सुटे केलेले नट-बोल्ट जिथले तिथे परत अर्धवट पिळून ठेवा. जमत नसेल तर पिशवीत घालून वर चिठ्ठी लावा. खोलण्यापूर्वी फोटो काढा. आणि नवा भाग प्रत्यक्ष बसेपर्यंत जुना टाकू नका, कारण बाजारातला 'तोच' भाग पुष्कळदा तोच नसतो.

पहिलं काम: ब्रेक

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा, गाडी स्टँडवर घ्या आणि ड्रम उतरवा. आतली काळी धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

ड्रमच्या आत ब्रेक ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा व्हील सिलिंडर असतो, त्याची रबरी टोपी उचलून पाहा. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय. आतून गुळगुळीत असेल तर नवा रबर किट पुरतो. खड्डे पडले असतील तर सिलिंडरच बदला, घासून भागवू नका. रबरी होज तिन्ही-चारी नवेच घाला. जुने होज आतून फुगतात, त्यामुळे पेडल सोडल्यावरही चाक धरून राहतं आणि माणूस उगाच पेडलजवळचा मास्टर सिलिंडर खोलत बसतो. गंजलेल्या पायपांच्या जागी ब्रेकसाठीच बनवलेला पाइप घ्या. फ्रिज-एसीवाल्याकडची तांब्याची नळी चालत नाही, ती कंपनाने तडकते.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, म्हणून सील उघडलेला जुना डबा वापरू नका. ब्रेकच्या पायपांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा, म्हणजे मागचं डावं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचं निपल (हवा सोडायचा स्क्रू) सैल करून लगेच आवळायचं आणि मगच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मधूनमधून वरची टाकी भरत राहा, ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतं, लगेच पाणी मारा.

ब्रेकचं काम पहिल्यांदा करत असाल तर जोडणी झाल्यावर एकदा जाणत्या फिटरला दाखवाच. त्यात कमीपणा नाही.

टायरच्या बाजूवर आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे असतात. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचं टायर काढून टाका. पद्मिनीचा मूळ आकार ५.२०-१४.

दुसरं काम: झोपलेलं इंजिन उठवणे

अनेक वर्षं उभी असलेली गाडी नवी बॅटरी लावून थेट सेल्फ मारायचा मोह टाळा. सिलिंडरला पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात, आणि अशा वेळी जोर केला तर रिंग तुटते.

चारही स्पार्क प्लग काढा. ते ज्यात बसतात ते हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं आहे, आटे लवकर जातात, म्हणून प्लग अडला तर गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबा. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस मुरू द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने फिरवा. फिरलं तर अर्धी लढाई जिंकली. नाही फिरलं तर आणखी ऑइल, आणखी दिवस. पान्याला पाइप लावून हिसका देऊ नका.

हाताने फिरू लागल्यावर जुनं ऑइल काढा, फिल्टर बदला, २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल भरा. प्लग बाहेरच ठेवून, इग्निशनची वायर काढून सेल्फने फिरवा. ऑइलचा दिवा विझला म्हणजे दाब तयार झाला. आताच कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला हवेचा दाब, मोजून घ्या. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडरमध्ये किती फरक आहे ते महत्त्वाचं. एखादा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. काही किलोमीटर गाडी चालल्यावर कॉम्प्रेशन पुष्कळदा आपोआप सुधारतं, तेव्हा लगेच इंजिन उतरवायला धावू नका.

पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करून उतरवा. जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं आणि तळाला गंज साठलेला असतो. टाकीला भोक असेल तर रिकाम्या टाकीवर वेल्डिंग करू देऊ नका. आतली वाफ स्फोटाला पुरते. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि ते जुन्या रबराला खातं. म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घ्या, पंपाआधी एक फिल्टर लावा. कार्ब्युरेटर खोलून जेट (पेट्रोलची बारीक भोकं) स्वच्छ करा, पण जेटमध्ये तार घालू नका, माप बिघडतं. स्प्रे आणि हवा पुरते.

ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरची (चारही प्लगना आळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाची) कॅप उघडून आतले पॉइंट साफ करा आणि फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, त्यांच्यातलं अंतर मॅन्युअलप्रमाणे लावा. कंडेन्सर स्वस्त असतो, नवाच घाला. प्लगच्या वायरी सिलिंडरच्या १-३-४-२ या क्रमाने लावा. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घालू नका, क्षार साचून नळ्या बंद होतात. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी वापरा, ॲल्युमिनियमचं हेड त्यामुळेच टिकतं.

मग सुरू करा, उघड्यावर. बंद गॅरेजात धूर जीव घेतो.

वायरिंग

जुन्या वायरचं आवरण बोटांनी दाबलं की चुरा होतो. असं असेल तर ठिगळं न लावता पूर्ण हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) बदला. मूळ गाडीत फ्यूज मोजकेच होते. हेडलाइटला रिले आणि दोन-तीन जादा फ्यूज लावले तर कुणी शुद्धतावादी नाक मुरडेल, मुरडू द्या. निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या असतात. बॉडीला जिथे जिथे वायर टेकते तिथला रंग-गंज घासून, बोल्ट आवळून वर थोडं ग्रीस लावा.

पत्रा आणि रंग

इथे हाताशी चांगला डेंटर, म्हणजे पत्र्याचा कारागीर, हवा. कुजलेला भाग कापून त्याच जाडीचा नवा पत्रा जोडायचा, वरून पत्रा चिकटवून पुट्टी थापायची नाही. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून वाकडा होतो. CO₂ वेल्डिंगवाला शोधा, भोसरी एमआयडीसीच्या आसपास सापडतो. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी बाहेर काढलेली असली पाहिजे. दाराखालच्या पोकळ पट्ट्यांमध्ये काम झाल्यावर मेण-तेलाचा गंजरोधक फवारा मारा आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा.

उघड्या पत्र्याला त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर लागला पाहिजे. पुण्याच्या जुलैमध्ये घासलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. त्यामुळे पावसाळ्यात ब्रेक-इंजिन आणि दिवाळीनंतर कोरड्या हवेत पत्रा-रंग, असं वेळापत्रक जमतं. वॉटर पेपरने घासायचं काम घरी करा, मजुरी तिथेच वाचते. शेवटचा रंग मात्र रंगकामाच्या बंदिस्त बूथमध्येच मारून घ्या. आजच्या दोन घटकांच्या रंगातली रसायनं फुप्फुसांना घातक असतात, साध्या मास्कने ती अडत नाहीत. मूळ रंग कोणता होता ते डॅशबोर्डच्या मागे किंवा डिकीच्या कोपऱ्यात सापडतं.

सुटे भाग

पुण्यात नाना पेठेपासून सुरुवात करा. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात हँडल, आरसे, घड्याळं कधी कधी हाती लागतात, नशिबाचा भाग. इंजिन-गिअरबॉक्सच्या भागांसाठी मुंबई गाठावी लागते. तिथे टॅक्सीमुळे पद्मिनीचे भाग मुबलक होते, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. म्हणजे हा साठा आता आटतच जाणार. ब्रेक किट, क्लच प्लेट, वॉटर पंप, काचांची रबरं हे लागण्याआधीच घेऊन ठेवा.

पहिली धाव

पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा विमा आणि नोंदणी चालू हवी. सकाळी लवकर, सपाट रस्त्यावर, घरापासून चालत परत येता येईल एवढ्याच अंतरावर. परत आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. एकच ड्रम जास्त तापला असेल तर तो ब्रेक धरतोय. खाली पुठ्ठा ठेवून काय गळतंय ते सकाळी पाहा. चाकांचे नट पुन्हा आवळा. असं काही वेळा बिनतक्रार झालं की मग कात्रज किंवा सिंहगडाचा घाट. चढताना तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा, आणि उतरताना सुरुवातीपासून खालचा गिअर धरा. ड्रम एकदा तापले की पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही.