ज्वारीच्या राखणीसाठी गोफण: कशी वळावी, कशी मारावी

मार्गशीर्ष-पौषात ज्वारी चिकात आली, म्हणजे दाणा दुधाळ झाला, की दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "पाखरांसाठी एअरगन कुठली घ्यावी? नेम चांगला पाहिजे आणि खिशाला परवडली पाहिजे." माझं उत्तर ठरलेलं आहे: एकही घेऊ नका. ४.५ मिलिमीटरपर्यंत नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत जोराच्या एअरगनला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही, हे खरं. दुकानदार तेवढंच सांगतो. पण बंदूक घरात ठेवायला परवाना नको म्हणजे तिनं पाखरू मारायलाही मोकळीक, असं होत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं राघूसकट बहुतेक रानपाखरांना संरक्षण दिलंय. पूर्वी कावळा उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच काढून टाकली.

कायदा बाजूला ठेवला तरी एअरगन या कामाची नाही. छर्रा एकाच पाखराला लागणार आणि आवाज जेमतेम 'फट्' एवढा. भोरड्यांचा, म्हणजे गुलाबी मैनांचा, थवा शेकड्यांनी येतो. तुम्ही नळी मोडून दुसरा छर्रा भरेपर्यंत बाकीच्यांनी कणसं सोललेली असतात. शिवाय शिशाचे छर्रे वैरणीच्या रानात पाडायचे कशाला? आपल्याला पाखरू मारायचं नाहीये, थवा टेकायच्या आत वळवायचाय. त्यासाठी गोफणीसारखं दुसरं काही नाही, आणि तिचा खर्च सुतळीच्या एका गड्ड्याएवढा.

गोफण अंबाडीची किंवा जाड सुताची वळा. नायलॉनची दोरी घेऊ नका. ती बोटातून निसटते आणि चामडी सोलते. तीन पेडी वेणी घालत जा. दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत. गोफण दुमडून हात खाली सोडला की तिचा तळ जमिनीपासून वीतभर वर राहावा, एवढी लांबी पुरे. नवशिक्यानं आणखी चार बोटं आखूड ठेवली तर बरं. मध्यावर वेणी दोन भागांत फोडून तळहाताएवढी पसरट जागा विणायची आणि मधे फट ठेवायची. खडा त्या फटीवर बसला की हलत नाही. एका टोकाला मधल्या बोटात घट्ट बसेल असा फास करा. दुसऱ्या टोकाला चिमटीत धरायला गाठ मारा आणि गाठीपुढचे चार बोटं धागे मोकळे सोडा. सुटताना फडाका वाजतो तो याच धाग्यांचा. ते कापून टोक नीटनेटकं करणाऱ्याची गोफण मुकी राहते.

आता गुंडे, म्हणजे गोफणीतून मारायचे गोळे. रानातले दगड मारू नका. काळ्या रानात मुळात दगड कमी असतात, तुम्हीच आणून टाकाल आणि काढणीच्या वेळी विळ्याची धार घालवाल. मातीचेच गुंडे करा. काळी माती भिजवून, मूठभर राख आणि बारीक भुसा घालून चांगली मळा, लिंबाएवढे गोळे करा आणि आधी सावलीतच वाळवा. थेट उन्हात टाकले तर काळी माती चिरते आणि गुंडा हवेतच फुटतो. सगळे गुंडे एका मापाचे हवेत. एक हलका आणि एक जड असेल तर दोन्ही वेगवेगळ्या जागी पडतात, मग हाताला वळण लागणार कसं? नेमाचा अर्धा हिशोब इथंच चुकतो. लोक मात्र दोष हाताला देतात.

खरं अवघड काम आहे सोडणं. मलाही हेच सगळ्यात शेवटी जमलं, कारण जो तो "गरागरा फिरव आणि सोड" एवढंच सांगायचा. हा सल्ला डोक्यातून काढून टाका. पाच-सात वेळा फिरवल्यानं जोर वाढत नाही, खडा कुठं आहे याचं भान मात्र जातं. एक सावकाश फेरा, दोरी ताणली गेली याची खात्री करायला. दुसरा फेरा पूर्ण जोरानं, आणि त्यातच सोडायचं. जोर दंडातून कमी आणि कमरेच्या वळणातून जास्त येतो; डावा पाय पुढं, निशाण डाव्या खांद्याच्या रेषेत.

सोडायचं कधी, हे नीट समजून घ्या. खडा दोरीच्या दिशेनं जात नाही. दोरीला काटकोनात जातो. डोक्यावरून गोफण फिरतेय, खडा मागून येऊन उजवीकडून पुढं निघालाय, असं धरा. समोर मारायचं असेल तर खडा पार उजव्या अंगाला असताना सुटला पाहिजे. तो समोर दिसेपर्यंत थांबलात तर डावीकडं जाणार. मागं असतानाच सोडलात तर उजवीकडं. आणि बोट उघडल्यापासून खडा प्रत्यक्ष सुटेपर्यंत क्षणभर जातोच, म्हणून मनात खडा अजून उजव्या खांद्याच्या थोडा मागं आहे तेव्हाच चिमूट ढिली करायची. पहिले काही दिवस डावीकडं जात असेल तर लवकर सोडा, उजवीकडं जात असेल तर उशिरा. फक्त एवढंच बदला. लांबी, गुंडा, उभं राहायची पद्धत, सगळं एकदम बदलणारा माणूस कधीच शिकत नाही.

चिमटीचीही एक खोड आहे. गाठ अंगठ्याखाली दाबून धरली की ती सुटताना अडकते आणि प्रत्येक वेळी वेगळ्या क्षणी सुटते. गाठ पहिल्या बोटाच्या कडेवर ठेवा, अंगठा वरून नुसता टेकवा. सोडताना बोटं उघडण्याचा विचार करू नका. हात निशाणाकडं दाखवल्यासारखा न्या, अंगठा आपोआप उचलला जातो. गाठ बोटाच्या कडेवरून सरकते, टोक पुढं झेपावतं आणि फडाका बसतो. फडाका कोरडा आणि एकच आला तर सोडणं बरोबर झालं. नुसतं 'फुर्र' झालं तर चिमूट रेंगाळली. रिकाम्या गोफणीवर फडाका नेमानं वाजायला लागेपर्यंत गुंडा लावूच नका.

सराव मोकळ्या, पीक निघालेल्या रानात करा, एखाद्या एकट्या बाभळीवर नेम धरून. नवशिक्याचा खडा मागंसुद्धा जातो, म्हणून कुणालाही "माझ्या पाठीमागं थांब" म्हणू नका. चारी बाजूंना माणूस, जनावर, पोर नको. विजेच्या तारा आणि सौर पंपाच्या प्लेटा ज्या अंगाला असतील तिकडं कधीच मारू नका. गोफणीचा गुंडा माणसाचं डोकं फोडू शकतो. हे मी घाबरवायला सांगत नाही, तसं होतं म्हणून सांगतो.

शेतात वापरताना पाखरावर नेम नकोच. थवा आवाजापासून लांब पळतो, हे लक्षात ठेवून गुंडा टाकायचा. पाखरं बांधाजवळ बसली असतील तर गुंडा त्यांच्या आतल्या अंगाला पडला पाहिजे, म्हणजे ती बांधाबाहेर जातात. बाहेरून मारलात तर तुम्हीच त्यांना मधल्या कणसांत घालता. थवा येताना दिसला तर त्याच्या पुढ्यात, उंचावरून. भोरड्या अशा वेळी एका झटक्यात सगळ्या मिळून वळतात, अख्खा थवा काळ्याचा गुलाबी दिसतो. त्यांचा राग करू नका, नाकतोडेही त्याच खातात. त्यांना फक्त चिकातली ज्वारी द्यायची नाही.

राखण उजाडल्यापासून नऊ-दहापर्यंत आणि चारनंतर दिवस मावळेपर्यंत. दुपारी पाखरं झाडांत बसतात, तुम्हीही माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, पडा. निंबा-बाभळीकडची कड आधी खाल्ली जाते, माळा तिकडंच बांधा. बुजगावणं आणि चमकीच्या पट्ट्या लावा, पण दोन-चार दिवसांनी जागा बदला, नाहीतर पाखरं त्यांच्यावरच येऊन बसतात. शेजाऱ्यांबरोबर एकाच वेळी पेरणी झाली असेल तर नुकसान वाटलं जातं. एकट्याची ज्वारी आधी निसवली, म्हणजे कणसं बाहेर पडली, की सगळ्या शिवारातली पाखरं त्याच्याकडंच. दाणा कडक झाला की चिमण्या कमी होतात, राघू मात्र काढणीपर्यंत हटत नाहीत.

रोज सकाळी गोफण हातात घेतली की फास आणि मधली वीण ओढून बघा. झिजते ती तिथंच, आणि फास तुटला तर अख्खी गोफण गुंड्यासकट जाते. दवानं भिजली असेल तर गुंडाळून ठेवू नका, अंबाडी कुजते. खुंटीला मोकळी टांगा, उंदरांपासून लांब.