डिसेंबरात ठाण्याला येताय? सुट्टी अशी आखा

परदेशातून हिवाळ्यात येणारी कुटुंबं सुट्टीची आखणी नातेवाइकांच्या यादीवरून करतात आणि आईबाबांच्या वाट्याला उरतात ते बॅगा भरण्याचे दोन दिवस. हे उलटं करा: मुक्काम आईबाबांकडे, आणि बाकीच्यांनी तिथे यायचं.

१. आधी कागद
मुलांकडे परदेशी पासपोर्ट असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आत्ताच शोधून तपासा. वीस वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट बदलला की नवीन पासपोर्टची प्रत आणि फोटो ओसीआयच्या पोर्टलवर चढवावे लागतात. टायफॉइड आणि हेपटायटिस ए च्या लशींबद्दल डॉक्टरांना निघण्याआधी महिनाभर तरी विचारा.

२. पहिले तीन दिवस मोकळे
हिवाळ्यात आपलं घड्याळ न्यूयॉर्कच्या साडेदहा तास पुढे असतं, त्यामुळे मुलं पहाटे तीनला टक्क जागी. उजाडलं की त्यांना घेऊन तलावपाळीला एक फेरी मारा, कोपिनेश्वराचं दर्शन घ्या, घरी येऊन पोहे. पाणी उकळूनच द्या. मामलेदारची मिसळ मुलांची पोटं रुळल्यावर, आणि तीही कमी तिखट. आजोबा कानटोपी घालून बसलेले असतील आणि नातू हाफ पँटमध्ये. त्यावरून वाद घालू नका, एक पातळ स्वेटर चढवा आणि विषय मिटवा.

३. भेटीगाठी एकाच दिवशी
डोंबिवली, बोरिवली, पुणे अशी घरोघर फिरायची योजना कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात संध्याकाळ घोडबंदर रोडवर जाते, आणि ‘नुसता चहा’ म्हणून बसलं की समोर ताट येतं. एका रविवारी अकरा ते चार सगळ्यांना बोलवा. सोसायटीचा हॉल मिळत असेल तर तुम्ही यायच्या आधीच बाबांना ऑफिसात नाव लावून ठेवायला सांगा. लग्नं आणि बारशी डिसेंबरातच असतात. मसालेभात, मटार उसळ, जिलबी, मठ्ठा एवढं केटररला सांगितलं की पुरे. आणलेली चॉकलेटं तिथेच वाटा. घरोघर वेगवेगळ्या भेटी दिल्यात, तर कुणाला काय मिळालं याचा हिशोब तुम्ही परत गेल्यावरही चालू राहतो.

दोन प्रकारच्या घरी मात्र स्वतः जा: जिथे कुणी अंथरुणाला खिळलंय, आणि जिथे या वर्षात माणूस गेलंय. तिथे फोनवर भागत नाही. सकाळी जा, निवांत बसा, जेवायला थांबवलं तर थांबा.

४. आईबाबांची कामं
‘काय राहिलंय?’ विचारलं तर उत्तर ‘काही नाही’ असंच येणार. बिलांचा खण उघडून बघा. बँकेत नॉमिनी नोंदवला आहे का, डोळे कधी तपासले, मिक्सर चालतो का? तुमचं जुनं बचत खातं अजून तसंच असेल तर ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्या. बँका दुसऱ्या-चौथ्या शनिवारी आणि २५ डिसेंबरला बंद असतात, म्हणून ही कामं पहिल्याच आठवड्यात उरका.

५. मुलांसाठी
भावंडांना नाताळची सुट्टी लागेपर्यंत शाळा असते, सहली त्यानंतर ठेवा. ऐरोलीला खाडीत बोटीतून रोहित पक्षी बघता येतात. डिसेंबरात ते यायला लागलेले असतात, मोठे थवे पुढे दिसतात. बोट भरती-ओहोटी बघून सुटते, म्हणून आधी नोंदणी करा. रविवारी दुपारी लोकलने एक चक्कर माराच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यालाच आली होती, ती गोष्ट आजोबांना सांगू द्या.

६. परतीच्या बॅगा
लोणचं दुहेरी पिशवीत बांधून चेक-इनच्या बॅगेत, पॉवर बँक हातातल्या बॅगेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेऊ नका, चेक-इनमध्ये चालत नाहीत. रात्री दोनचं विमान असेल तर नऊलाच घर सोडा. आत्या शेवटच्या क्षणी चकल्यांचा डबा घेऊन येणारच, तेव्हा दोन किलोंची जागा सोडूनच वजन करा.