स्पॅनिशमध्ये 'घटणं' : मेंग्वार, मेर्मार की दिस्मिनुइर?

आधी बघा, काय घटतंय. कांदाचाळीतला उन्हाळ कांदा वाळून वजनाला कमी भरला, तर क्रियापद मेर्मार आणि त्या घटीला नाम 'मेर्मा'. लासलगावचा माल स्पॅनिश बोलणाऱ्या खरेदीदाराला विकायचा, तर हा शब्द पहिला पाठ करा. गंगापूर धरणातला साठा, भाव, मागणी, टक्केवारी यांना दिस्मिनुइर. वद्य पक्षातला चंद्र, विणकामातले टाके, ओसरणारं पाणी यांना मेंग्वार. नाशिकला दुतोंड्या मारुतीपाशी गोदेचा पूर उतरतो, तेही मेंग्वारच.

तिघांचं मूळ लॅटिनमध्ये. 'मिनुएरे' म्हणजे कमी करणं. बोलीत त्याचं 'मिनुआरे' झालं, 'उ'चा उच्चार 'व'कडे झुकला, त्याच्या आधी 'ग' आला आणि मेंग्वार तयार झालं. दिस्मिनुइर त्याच 'मिनुएरे'ला उपसर्ग लागून आलं. मेर्मार मात्र 'मिनिमुस', म्हणजे सर्वात लहान, यावरून आलं.

चुका होतात त्या मेंग्वारच्या रूपांत. वर्तमानात मेंग्वो, मेंग्वास, मेंग्वा असं म्हणा. आघात 'में'वर ठेवा. कोन्तिनुआरचं (चालू ठेवणं) 'कोन्तिनूओ' होतं, म्हणून इथे 'मेंगूओ' करू नका. लिहिताना रोमन 'ई' (e) अक्षर पुढे आलं की 'यू'वर (u) दोन टिंबं द्यायचीच. ती राहिली, तर वाचणारा 'मेंग्वे'ऐवजी 'मेंगे' वाचतो, कारण स्पॅनिशमध्ये 'जी' आणि 'ई' यांच्यामधला साधा 'यू' मुका असतो. मेर्मार नियमित आहे, त्याला वेगळं काही नाही.

दिस्मिनुइरमध्ये 'य' घुसतो: दिस्मिनूयो, दिस्मिनूयेस, दिस्मिनूये, दिस्मिनूयेन. दिस्मिनुइमोस आणि दिस्मिनुईस यांत तो येत नाही. भूतकाळी 'तो घटला' म्हणजे दिस्मिनुयो, आघात शेवटी. आघात नूवर गेला की अर्थ 'मी कमी करतो' होतो, लिहिताना आघातचिन्ह विसरलात तरी घोळ होतो.

मराठी माणूस अडखळतो तो दुसरीकडेच. आपल्याकडे घटणं आणि घटवणं ही दोन क्रियापदं. दिस्मिनुइर एकटंच दोन्ही कामं करतं, भाव घटला तरी तेच आणि वेग कमी केला तरी तेच. म्हणून क्रिया आपोआप घडली हे दाखवणारं 'से' जोडायची गरज सहसा पडत नाही. किती घटलं हे सांगायला 'एन': 'दिस्मिनुयो एन उन 10 पोर सिएन्तो'. कितीवरून कितीवर हे सांगायला 'दे… आ': 'दे 40 आ 30'. हे दोन अदलाबदल झाले की खरेदीदाराला 10 टक्क्यांनी घट झाली की 10 टक्क्यांवर आली, हेच कळत नाही.