जुनी गाडी तेल गाळतेय? सील बदलायच्या आधी ब्रीदर बघा

मारुतीच्या जुन्या एट हंड्रेड, झेन, एस्टीम अजून प्रेमाने चालवणाऱ्यांसाठी लिहितोय. पार्किंगमध्ये तेलाचे डाग दिसले की मेकॅनिक सांगतो सील गेलं, टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलं, आपण बदलून घेतो आणि थोड्या दिवसांनी परत तेच. बऱ्याचदा नवीन सीलमध्ये काहीच खोट नसते, आतलं प्रेशरच तेल बाहेर ढकलत असतं.

होतं काय, पिस्टनच्या रिंगांच्या कडेने थोडा गॅस खाली क्रँकच्या चेंबरमध्ये उतरतोच, अगदी नव्या इंजिनातही. तो काढायची वाट म्हणजे ब्रीदर. इंजिनपासून इनटेक मॅनिफोल्डपर्यंत (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांपर्यंत) एक पाइप असतो, त्यात पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाची छोटी झडप, म्हणजे इंजिन तो गॅस ओढून परत जाळतं, आणि दुसऱ्या पाइपने एअर फिल्टरकडून स्वच्छ हवा आत येते. ही वाट काळ्या चिकट गाळाने तुंबली की गॅस फट शोधतो आणि तेल घेऊनच बाहेर पडतो. ऑइल सील उडणारं तेल अडवायला असतं, प्रेशर झेलायला नाही.

पुण्यात रोज फक्त कोथरूड ते डेक्कन आणि परत एवढीच, म्हणजे थोडंसंच अंतर फिरणारी गाडी यात लवकर सापडते कारण इंजिन धड तापत नाही, आतली वाफ उडून जात नाही, पावसाळ्यात तर ऑइलच्या झाकणाला आतून पिवळट पांढरी साय धरते. (रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर मात्र आधी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग बघा.)

आता तपासायचं कसं. इंजिन गरम करा, आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवून ऑइलचं झाकण काढा आणि तोंडावर कागद धरा. कागद हलकेच ओढला गेला तर ठीक, फडफडून वर उडाला तर वाट तुंबलीय नाहीतर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे रिंगांवरून फारच गॅस खाली येतोय. मग पीसीव्ही व्हॉल्व्ह रबरी बुशातून उपसा, इंजिन चालूच, तोंडावर बोट ठेवा, बोट ओढलं गेलं पाहिजे. नाही ओढलं तर व्हॉल्व्ह किंवा पाइप बंद आहे. इंजिन बंद करून व्हॉल्व्ह कानाशी हलवलात की आतला खुटखुट आवाज यायला हवा, पण आवाज आला म्हणजे चांगलाच आहे असंही नाही, आतली स्प्रिंग मऊ झालेली असू शकते. काही जुन्या गाड्यांत व्हॉल्व्हऐवजी नुसतं बारीक भोक असतं, ते तारेने आणि कार्ब क्लीनरने (कार्ब्युरेटर साफ करायच्या स्प्रेने) साफ करा.

व्हॉल्व्ह धुण्यापेक्षा बदललेला बरा. नाना पेठेत स्पेअर पार्ट आणायला जाताना जुना खिशात घेऊन जा, दिसायला सारखे असतात पण आतली स्प्रिंग वेगळी असते. पाइप आणि रबरी बुशही नवीन घ्या, तेलाने मऊ पडलेला पाइप वरून चांगला दिसतो आणि आयडलला आत चिमटला जातो. ब्रीदरचा पाइप काढून खाली मोकळा सोडायचा जुगाड अजिबात करू देऊ नका, मॅनिफोल्डचं तोंड उघडं राहिलं तर हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडतं आणि धूळ इंजिनात जाते.

हे झाल्यावर गळती शोधा. थंड इंजिन रॉकेल आणि ब्रशने धुवा, डिस्ट्रिब्युटरवर पाणी मारू नका, सुकलं की टाल्कम पावडर भुरभुरवा आणि कात्रजपर्यंत चक्कर मारून या. पावडर जिथे सगळ्यात वर ओली झालीय तिथून गळतंय, खालचं सगळं ओघळ. टॅपेट कव्हरचं पॅकिंग घातलंत तर बोल्ट ताकद लावून आवळू नका, पत्रा वाकतो, आणि सिलिकॉन फक्त कोपऱ्यांना अगदी थोडं, जास्तीचं आत तुटून पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. पुढचं सील टायमिंग बेल्टवर गळत असेल तर थांबू नका, तेल लागलेला बेल्टही बदला.

मागच्या क्रँक सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून ते क्लच प्लेटच्या कामाबरोबरच करून घ्या. आणि वाट साफ असूनही कागद उडतोय तर कॉम्प्रेशन टेस्ट करा (प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजने मोजा), कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर सिलिंडर हेडमधले व्हॉल्व्ह (पीसीव्ही नव्हे) किंवा हेड गॅस्केट.